‘गो ऑफ’ म्हणजे काय? सुरू की बंद?



या महिन्याच्या भित्तिपत्रकात मी एका इंग्रजी शब्दाची माहिती देणार आहे. खरे म्हणजे तो एक शब्द नाही, दोन शब्द आहेत. एक ‘गो’ आणि दुसरा ‘ऑफ’. हे दोन्ही शब्द आपल्याला पहिलीपासून येतात. ‘गो’ म्हणजे जाणे. ‘ऑफ’ म्हणजे बंद, असे आपण समजतो, कारण लाईटच्या बटनाजवळ ऑन आणि ऑफ असे लिहिलेले असते. पण हे दोघे शेजारी शेजारी बसले की त्यांचा अर्थ बदलतो. कधी ‘गो ऑफ’ म्हणजे बंद होणे, तर कधी ‘गो ऑफ’ म्हणजे जोरात सुरू होणे! आहे की नाही गंमत?

पण ही नुसती गंमत नाही. हा अर्थ न कळल्यामुळे एखाद्याच्या जिवावरसुद्धा बेतू शकते. ते कसे, ते मी पुढे सांगणार आहे. म्हणून लेख शेवटपर्यंत वाचा.

जोडीचे शब्द

आपले गुरुजी अशा शब्दांना ‘जोडक्रियापद’ म्हणतात. इंग्रजीत त्याला ‘फ्रेजल व्हर्ब’ असे नाव आहे. यात पहिला शब्द क्रियापद असतो, म्हणजे गो, कम, गेट, पुट, टेक असा. दुसरा शब्द छोटा असतो, म्हणजे ऑफ, ऑन, अप, आउट, इन असा. दोघे मिळून एक नवीन अर्थ तयार करतात. नवरा-नवरीची गाठ बांधल्यासारखे. गाठ बांधल्यावर त्यांना वेगवेगळे धरून अर्थ लावायचा नाही.

आता ‘गो ऑफ’ या एका जोडीचे अर्थ मी एक एक करून देते. वाक्ये सोपी आहेत. मोठ्याने वाचा.

१. गजर होणे, भोंगा वाजणे. ‘द अलार्म वेंट ऑफ अॅट फोर.’ म्हणजे चार वाजता गजर झाला.

२. फटाका, बंदूक किंवा बॉम्ब उडणे. ‘द क्रॅकर वेंट ऑफ.’ म्हणजे फटाका उडाला. ‘द गन वेंट ऑफ.’ म्हणजे बंदुकीचा बार झाला.

३. लाईट जाणे, यंत्र बंद पडणे. ‘द लाईट्स वेंट ऑफ.’ म्हणजे लाईट गेली.

४. दूध नासणे, अन्न खराब होणे. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ.’ म्हणजे दूध नासले आहे. हा वापर इंग्लंडच्या इंग्रजीतला आहे. अमेरिकेत असे दूध ‘बॅड’ झाले असे जास्त म्हणतात.

५. निघून जाणे. ‘फादर वेंट ऑफ टू द फील्ड.’ म्हणजे बाबा रानात निघून गेले.

६. झोप लागणे. ‘द बेबी वेंट ऑफ टू स्लीप.’ म्हणजे बाळ झोपी गेले.

७. कार्यक्रम पार पडणे. ‘द फंक्शन वेंट ऑफ वेल.’ म्हणजे कार्यक्रम छान पार पडला.

८. एखाद्या गोष्टीवरून मन उडणे. ‘आय हॅव गॉन ऑफ टी.’ म्हणजे मला आता चहा आवडेनासा झाला आहे. हासुद्धा इंग्लंडकडचा वापर आहे.

९. याच्यापुढे ‘विथ’ जोडला तर दुसऱ्याची वस्तू घेऊन जाणे. ‘समबडी वेंट ऑफ विथ माय पेन.’ म्हणजे माझा पेन कोणीतरी घेऊन पसार झाले. आपल्या वर्गात हे वाक्य रोज लागेल!

पाहिलेत? जोडी एक आणि अर्थ नऊ. पहिल्या अर्थात घंटी सुरू झाली आणि तिसऱ्या अर्थात लाईट बंद झाली. एकदम उलटे.

मामाच्या कारखान्यातली पाटी

माझा मामा शहराजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. तो दहावी पास आहे. तिथे भिंतीवर लाल अक्षरात एक इंग्रजी पाटी होती. मामाने तिचा फोटो मोबाईलमध्ये काढून आणला होता. तिच्यावर असे लिहिले होते, ‘व्हेन द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग अॅट वन्स.’

मामा आणि त्याचे दोन जोडीदार यांनी त्याचा अर्थ असा लावला होता की, ‘अलार्म बंद झाला की लगेच इमारतीच्या बाहेर पडा.’ कारण ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे सगळ्यांना माहीत आहे. एके दिवशी आग लागल्यावर काय करायचे याचा सराव होता. भोंगा वाजायला लागला. बाकीचे लोक पटापट बाहेर गेले आणि हे तिघे आतच थांबले. भोंगा कधी बंद होतो याची वाट बघत! मामा म्हणाला, “आम्हाला वाटलं, वाजतोय तोवर जागा सोडायची नाही, असा नियम असेल.”

तो नुसता सराव होता म्हणून काही झाले नाही. पण खरी आग असती तर? आजी हे ऐकून एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “अरे बाबा, असलं काही समजलं नाही तर आधी विचारावं माणसानं. त्यात कसली लाज?”

मामाने सुट्टीवरून परत गेल्यावर साहेबांना सांगितले की या पाटीचा अर्थ आमच्यातल्या पुष्कळ जणांना उलटा वाटतो. मग त्याच पाटीखाली मराठीत लिहिण्यात आले, ‘भोंगा वाजताच ताबडतोब इमारतीबाहेर पडा.’ त्याचाही फोटो मामाने आम्हाला पाठवला. मला तो फोटो फार आवडला.

आता फटाक्याचे बघा. समजा कुठे असे लिहिले आहे, ‘इफ अ क्रॅकर डज नॉट गो ऑफ, डू नॉट गो निअर इट.’ याचा अर्थ ‘फटाका उडाला नाही तर त्याच्याजवळ जाऊ नका.’ पण ‘ऑफ’ म्हणजे बंद असे धरणाऱ्याला वाटेल, ‘फटाका विझला नाही तर जवळ जाऊ नका.’ म्हणजे विझल्यासारखा दिसला की जायला हरकत नाही! दिवाळीत असेच तर हात भाजतात. वात लावली, फटाका फुसका निघाला असे वाटले, आपण वाकून बघायला गेलो आणि तो उडाला.

गुरुजींनी घड्याळ उघडून दाखवले

मग मी वर्गात गुरुजींना विचारले, “गुरुजी, गजर तर सुरू होतो. मग इंग्रज लोक त्याला ‘ऑफ’ का म्हणतात?” गुरुजी म्हणाले, “तुमच्या घरी चावीचं घड्याळ आहे का?” आमच्या आजीकडे एक जुने गजराचे घड्याळ आहे. आजीला विचारून मी ते शाळेत नेले. गुरुजींनी त्याचे मागचे झाकण पेचकसाने उघडले. आम्ही सगळे भोवती जमलो.

गजराची चावी वेगळी असते. ती पिळली की आतली स्प्रिंग ताठ होते. एक छोटी हातोडी असते, तिला घंटीवर आपटायचे असते. पण एका पट्टीने तिला अडवून धरलेले असते. आपण लावलेली वेळ झाली की ती पट्टी बाजूला सरकते. हातोडी मोकळी होते आणि ठणठणठणठण सुरू! पुढच्या बाकावरचा मुलगा तर दचकून मागेच सरकला.

गुरुजी म्हणाले, “आता सांगा. हातोडीचं काय झालं?”

आम्ही सगळे एकदम ओरडलो, “सुटली!”

गुरुजी म्हणाले, “शाब्बास. तेच ‘गो ऑफ’. बांधलेलं होतं ते सुटलं, असा अर्थ मनात धरा म्हणजे विसरणार नाही.”

‘ऑफ’चा जुना आणि मूळचा अर्थ बंद असा नाहीच. त्याचा अर्थ ‘पासून दूर’ असा आहे. गुरुजींनी आणखी एक माहिती सांगितली. इंग्रजीत दोन ‘एफ’चा ‘ऑफ’ आणि एका ‘एफ’चा ‘ऑव्ह’ असे दोन शब्द आहेत. फार पूर्वी ते एकच होते. जोर देऊन उच्चारला की ‘ऑफ’ व्हायचा. पुढे सतराव्या शतकापासून ते दोन वेगळे शब्द म्हणून लिहिण्याची रीत पक्की झाली. त्यामुळे शुद्धलेखनात एक ‘एफ’ कुठे आणि दोन ‘एफ’ कुठे हे नीट बघा. ‘गो ऑफ’मध्ये दोन ‘एफ’ आहेत.

आपला ‘सुटणे’ काय कमी आहे?

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजी भाषाच विचित्र आहे. पण जरा आपल्या मराठीकडे बघा.

एसटी सुटली. म्हणजे एसटी सुरू झाली, निघाली.
शाळा सुटली. म्हणजे शाळा संपली, बंद झाली.

एकच शब्द, एकदा सुरू आणि एकदा बंद! आणखी बघा.

वारा सुटला. म्हणजे वाहायला लागला.
कॅनॉलला पाणी सुटले. म्हणजे पाणी यायला लागले.
आजीचा उपास सुटला. म्हणजे उपास संपला.
गणित सुटले. म्हणजे उत्तर आले.
गाय सुटली. म्हणजे दावे तोडून गेली, आता पळा तिच्यामागे.
घाम सुटला, तोंडाला पाणी सुटले, भजीचा वास सुटला.
आणि कोणाकोणाचे पोट सुटले! (हे कोणाला उद्देशून नाही बरं का.)

आपण हे सगळे न शिकताच बोलतो. ‘शाळा सुटली’ असे ऐकून कोणी शाळेत येत नाही आणि ‘एसटी सुटली’ असे ऐकून कोणी स्टँडवर आरामात बसून राहत नाही. कारण सुटणारे कोण आहे ते आपण आधी बघतो. एसटी सुटली की शाळा सुटली, त्यावरून अर्थ आपोआप कळतो.

एखादा इंग्रज मराठी शिकायला लागला तर त्याला ‘सुटणे’चा असाच घाम सुटेल. मोल्सवर्थ नावाच्या साहेबाने मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत देणारा मोठा शब्दकोश केला होता. तो १८३१ साली छापला गेला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. म्हणजे त्या लोकांनासुद्धा आपली भाषा शिकताना एकेक शब्द लिहून काढावा लागला. मग आपल्याला त्यांची भाषा शिकताना वेळ लागला तर आपण ‘ढ’ आहोत असे समजू नये.

लाईटचे तर आणखी सोपे आहे. आपण ‘लाईट बंद झाली’ असे कमी म्हणतो. आपण म्हणतो, ‘लाईट गेली.’ इंग्रजीतही ‘वेंट’ म्हणजे ‘गेली’च. आणि लाईट परत आली की ते म्हणतात, ‘द लाईट्स केम ऑन.’ ‘केम’ म्हणजे ‘आली’. दोन्ही भाषांत लाईट जाते आणि येते. आमच्या गावात तर फारच जाते आणि येते.

चार घरांचा तक्ता

अर्थ पटकन ओळखता यावा म्हणून गुरुजींनी फळ्यावर चार घरांचा तक्ता काढून दिला. मी तो इथे उतरवून देते. ‘गो ऑफ’ दिसले की आधी विचारायचे, कोण ‘गो ऑफ’ झाले? मग ते कोणत्या घरात बसते ते बघायचे.

पहिले घर : दाबून, अडकवून किंवा भरून ठेवलेल्या वस्तू. गजर, भोंगा, बंदूक, फटाका, उंदराचा सापळा. या ‘गो ऑफ’ झाल्या म्हणजे सुटल्या, वाजल्या, उडाल्या. इथे अर्थ ‘सुरू’.

दुसरे घर : चालू असलेल्या वस्तू. दिवा, पंखा, पाण्याची मोटार. या ‘गो ऑफ’ झाल्या म्हणजे थांबल्या. इथे अर्थ ‘बंद’.

तिसरे घर : खाण्यापिण्याच्या वस्तू. दूध, मासे, मटण. या ‘गो ऑफ’ झाल्या म्हणजे खराब झाल्या.

चौथे घर : माणसे. माणूस ‘गो ऑफ’ झाला म्हणजे निघून गेला.

चारही घरांत एक गोष्ट सारखी आहे. जी वस्तू ज्या अवस्थेत होती, त्या अवस्थेपासून ती दूर गेली. गजर गप्प होता, तो वाजला. दिवा पेटलेला होता, तो गेला. दूध चांगले होते, ते नासले. बाबा घरात होते, ते निघून गेले. म्हणजे ‘पासून दूर’ हा ‘ऑफ’चा मूळ अर्थ सगळीकडे आहेच. हे मला कळले तेव्हा मला फार आनंद झाला. कारण मग नऊ अर्थ पाठ करण्याची गरजच राहिली नाही. झोप लागणे, कार्यक्रम पार पडणे आणि मन उडणे हे तीन मात्र वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

‘कार्यक्रम पार पडला’ हेसुद्धा आपले जोडक्रियापदच आहे बरं का. कार्यक्रम कुठून खाली पडत नाही!

मोबाईलचे मात्र नीट लक्षात ठेवा. ‘हिज मोबाईल वेंट ऑफ इन द मीटिंग.’ याचा अर्थ सभेत त्याचा मोबाईल बंद पडला असा नाही. त्याचा मोबाईल सभेत वाजला, असा आहे. म्हणजे मोबाईल इथे पहिल्या घरात, गजराच्या शेजारी बसतो.

वापरताना काय चुकते?

१. ‘गो’ची रूपे बदलतात, ‘ऑफ’ बदलत नाही. रोज होते तेव्हा ‘गोज ऑफ’, काल झाले तेव्हा ‘वेंट ऑफ’, झालेले आहे तेव्हा ‘हॅज गॉन ऑफ’, आत्ता होत आहे तेव्हा ‘इज गोइंग ऑफ’. ‘गोड ऑफ’ असे कधीही लिहू नये.

२. गजर आपोआप झाला तर ‘गो ऑफ’. पण कोणी तो मुद्दाम किंवा चुकून वाजवला तर ‘सेट ऑफ’. ‘द बॉय सेट ऑफ द अलार्म.’ म्हणजे मुलाने भोंगा वाजवला. इथे ‘द बॉय वेंट ऑफ द अलार्म’ म्हटले तर चूक.

३. गजर बंद करायचा असेल तर ‘टर्न ऑफ’. हे वाक्य बघा. ‘द अलार्म वेंट ऑफ. मदर टर्न्ड इट ऑफ.’ म्हणजे गजर झाला आणि आईने तो बंद केला. दोन्हीकडे ‘ऑफ’ आहे, पण पहिल्यात वाजला आणि दुसऱ्यात थांबला. हे एक वाक्य पाठ केले तरी निम्मे काम झाले.

४. ‘टर्न ऑफ’च्या मध्ये वस्तूचे नाव घालता येते. ‘टर्न द फॅन ऑफ’ चालते. पण ‘गो ऑफ’च्या मध्ये वस्तूचे नाव घुसवता येत नाही. वस्तूचे नाव पुढे येते. ‘द फॅन वेंट ऑफ.’

५. चूल, मेणबत्ती किंवा कंदील विझला तर ‘गो ऑफ’ म्हणत नाहीत, ‘गो आउट’ म्हणतात. ‘द कँडल वेंट आउट.’ विजेच्या दिव्याला मात्र दोन्ही चालते.

आमच्या घरातला एक दिवस

सरावासाठी मी आमच्या घरातली गोष्ट लिहिली. ज्या आठवड्यात शेताला रात्रीची लाईट असते, त्या आठवड्यात आमचे बाबा दारं धरायला रात्रीच रानात जातात. ते मी असे लिहिले :

‘द अलार्म वेंट ऑफ अॅट टू.’ दोन वाजता गजर झाला.
‘फादर वेंट ऑफ टू द फील्ड.’ बाबा रानात निघून गेले.
‘द लाईट्स वेंट ऑफ.’ लाईट गेली.
‘द मोटर वेंट ऑफ, टू.’ मोटारही बंद पडली.
‘आय वेंट ऑफ टू स्लीप.’ मला झोप लागली.
‘इन द मॉर्निंग, द मिल्क हॅड गॉन ऑफ.’ सकाळी बघतो तर दूध नासले होते.

शेवटच्या वाक्यात ‘हॅड’ आहे, कारण दूध आपण बघायच्या आधीच नासलेले होते. बाबांनी हे वाक्य वाचले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “एवढ्या अंधारातनं मी चालत गेलो, ते इंग्रजीत एका ओळीत संपवलंस व्हय गं?” मग त्यांनी स्वतः ते वाक्य दोनदा वाचले. बाबांना इंग्रजी पाचवीपासून होते. आपल्या महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सन २००० पासून सुरू झाले. आमच्या आजीला तर शाळाच मिळाली नाही. पण ‘सुटणे’ची अर्धी वाक्ये तिनेच मला दिली. मी वहीत लिहीत होते आणि ती भाकरी थापता थापता सांगत होती. म्हणून पालकांनी ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय सांगणार’ असे म्हणू नये. मराठी वाक्य तुम्ही द्या, इंग्रजी आम्ही शोधू.

थोडा इतिहास

इंग्लंडमध्ये सॅम्युअल जॉन्सन नावाचे मोठे विद्वान होऊन गेले. त्यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनीच लिहून ठेवले आहे की, क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्या माणसांना सर्वांत अवघड जाते. म्हणजे ही अडचण आपल्या एकट्याची नाही. अडीचशे वर्षांपेक्षा जास्त काळापूर्वी खुद्द इंग्रजांच्या पंडितालाही ती माहीत होती.

‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ नंतरचे आहे. लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकाने १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात ते वापरले. ते नाव त्यांना हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले होते. ब्रॅडली हे ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे एक संपादक होते. म्हणजे बघा, लोक शेकडो वर्षे ‘गो ऑफ’ बोलत होते आणि त्या प्रकाराचे हे नाव पक्के व्हायला १९२५ साल उजाडले. तोवर कोणाचे बोलणे अडले नाही. म्हणून व्याकरणाचे नाव पाठ नसले तरी घाबरू नका. आधी वाक्य समजून घ्या.

पालकांना एक विनंती

तुमच्यापैकी जे कारखान्यात, गोडाऊनमध्ये, दवाखान्यात किंवा मोठ्या दुकानात कामाला जातात, त्यांनी उद्या कामावर गेल्यावर भिंतीवरच्या पाट्या एकदा बघून घ्याव्यात. ‘अलार्म गोज ऑफ’ असे शब्द दिसले तर त्याचा अर्थ ‘भोंगा वाजला की’ असाच आहे. शेजारच्या कामगारालाही सांगा. दुसरी एखादी पाटी कळली नाही तर ती कागदावर उतरवून आणा. गुरुजी म्हणाले आहेत की आपण ती वर्गात सोडवू आणि अर्थ मराठीत लिहून परत देऊ.

ओळखा पाहू!

खालील वाक्यांत ‘गो ऑफ’चा अर्थ काय? आधी घर ओळखा, मग अर्थ सांगा. उत्तरे खाली दिली आहेत. ती आधी बघायची नाहीत.

(१) द स्कूल बेल डिड नॉट रिंग, बट द फायर अलार्म वेंट ऑफ.
(२) द फिश हॅज गॉन ऑफ.
(३) ग्रँडमदर वेंट ऑफ टू द मार्केट.
(४) द फॅन वेंट ऑफ अॅट नाईट.
(५) माय ब्रदर वेंट ऑफ विथ माय लाडू.

उत्तरे : (१) पहिले घर. शाळेची घंटा वाजली नाही, पण आगीचा भोंगा वाजला. (२) तिसरे घर. मासे खराब झाले आहेत. (३) चौथे घर. आजी बाजाराला निघून गेली. (४) दुसरे घर. रात्री पंखा बंद पडला. (५) इथे ‘विथ’ आहे. माझा भाऊ माझा लाडू घेऊन पसार झाला. (हे आमच्या घरी खरेच झाले आहे.)

पुढच्या महिन्यात ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट आउट’ या दोन जोड्या घेणार आहोत. एकीचा अर्थ पुढे ढकलणे आणि दुसरीचा अर्थ विझवणे. त्यासाठी मराठीत ‘टाकणे’ची वाक्ये हवी आहेत, जशी ‘सांगून टाकले’, ‘देऊन टाकले’, ‘वाळत टाकले’. ज्यांना सुचतील त्यांनी कागदावर लिहून भित्तिपत्रकाखालच्या डब्यात टाकावीत. आजी-आजोबांनी सांगितलेली वाक्येही चालतील.

— इयत्ता चौथीची विद्यार्थिनी